विश्लेषण : हाउसबोटीत किंवा धरणातल्या बोटीत बसण्यापूर्वी काय तपासाल? स्वतःची बोट घ्यायची तर नियम काय?

सुट्ट्या लागल्या की तापोळा, बामणोली, भिगवण, तारकर्लीपासून केरळमधील अलेप्पीपर्यंत बोटींच्या धक्क्यांवर गर्दी उसळते. समुद्राच्या लाटांना घाबरणारी मंडळीही धरणाच्या किंवा बॅकवॉटरच्या पाण्यात निर्धास्तपणे उतरतात. मात्र पर्यटकांचे बळी घेणाऱ्या देशातील अनेक मोठ्या बोट दुर्घटना भर समुद्रात नव्हे, तर तलाव, नद्या, जलाशय आणि खाडीमुखांवर झाल्या आहेत. जादा प्रवासी, लाइफ जॅकेटचा अभाव, बिघडलेली हवा, अंधार ही त्यामागची कारणे बोटीत बसण्याआधी, धक्क्यावर उभे राहूनच ओळखता येण्यासारखी होती. त्यामुळे सहलीला जाणाऱ्याने काय पाहावे आणि स्वतःची बोट घेऊ पाहणाऱ्याने काय तयारी करावी, हे समजून घेणे गरजेचे आहे.

शांत दिसणारे पाणी धोकादायक का?

२१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. त्यांपैकी सहा जणांचा मृत्यू झाला आणि एक पोलीस अधिकारी पोहत काठावर आला. उजनीच्या दोन्ही काठांवरील गावकऱ्यांसाठी बोट ही सहल नव्हे, तर रोजचा रस्ता आहे. पाण्याची सवय असलेल्या भागात असे घडू शकते, तर पहिल्यांदाच पाण्यावर जाणाऱ्या पर्यटकाने अधिक सावध असायला हवे.

जलाशय जितका रुंद, तितका वाऱ्याला मोकळा पट्टा मिळतो. अशा पाण्यात लाटा फार उंच नसतात, पण त्या आखूड आणि एकामागोमाग येणाऱ्या असतात. समुद्रातील लांब लाटेवर बोट वरखाली होते. आखूड लाट मात्र उथळ बोटीच्या काठावरून थेट आत येते. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारनंतर जमतात आणि काही मिनिटांत वारा सुटतो. म्हणून उन्हाळ्यात जलाशयातील फेरी सकाळी उरकणे केव्हाही चांगले. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ॲप पाहावे.

दुसरा धोका पाण्याखाली असतो. धरणाची पातळी दर महिन्याला बदलते. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. तसेच बुडालेल्या गावांच्या भिंती, बांध आणि झाडांची खोडे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. दिवाळीत सुरक्षित असलेला मार्ग मे महिन्यात तसाच सुरक्षित असेल असे नाही. त्यामुळे स्थानिक नावाडी नसलेल्या बोटीत बसू नये. धरणाच्या खालच्या बाजूस नदीत उतरणाऱ्यांनी विसर्गाची चौकशी करावी. दरवाजे उघडल्यावर तेथील पाणी वेगाने वाढते आणि भोंगा सर्वांना ऐकू येईलच असे नाही.

आधीच्या दुर्घटनांतून काय दिसले?

३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमधील थेक्कडी येथे पेरियार जलाशयात ‘जलकन्यका’ ही दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. काठावरचे प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले आणि बोट कलंडली, असे तेव्हा समोर आले. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे अंधार पडल्यावर फेरीला निघालेली दुमजली बोट उलटून २२ जण दगावले. मासेमारीच्या बोटीत फेरफार करून ती पर्यटनासाठी वापरली जात होती आणि तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांचा मृत्यू झाला. तेथेही बोट जादा भरलेली होती आणि सर्वांना लाइफ जॅकेट मिळाले नव्हते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा बळी गेला.

या घटनांमागे एक साधे शास्त्र आहे. वजन जितके खाली, तितकी बोट स्थिर. माणसे वरच्या मजल्यावर चढली किंवा बोटीत उभी राहिली की गुरुत्वमध्य वर सरकतो. दहा माणसे एका बाजूला गेली म्हणजे साधारण ६०० ते ७०० किलो वजन एका काठावर येते. बोट कलली आणि तळात थोडे पाणी असले, तर ते पाणीही त्याच बाजूला धावते आणि बोट आणखी झुकते. हे सारे काही सेकंदांत घडते. त्यामुळे सेल्फीसाठी सगळ्यांनी एका बाजूला जमणे ही नुसती गंमत राहत नाही. छतावर किंवा नंतर जोडलेल्या मजल्यावर बसवणारी बोट सरळ नाकारावी.

बोटीत बसण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न, बोटीची क्षमता किती? हा आकडा आणि नोंदणी क्रमांक बोटीवर दिसेल असा लिहिलेला हवा. तानूरच्या दुर्घटनेनंतर केरळ उच्च न्यायालयाने प्रवासी क्षमता बोटीवर ठळकपणे लावण्याचे आदेश दिले होते. मोजताना लहान मुलांनाही धरावे. ‘पोरं मांडीवर बसतील’ हे एसटीत चालते, बोटीत नाही.

दुसरा प्रश्न, सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि विमा चालू आहे का? कागद धक्क्यावरील कार्यालयात लावलेला असतो किंवा मागितल्यावर दाखवता येतो. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे. तिसरा प्रश्न, बोट कोण चालवणार? चालकाकडे परवाना हवा आणि त्याने मद्यपान केलेले नसावे. चौथा प्रश्न परतीच्या वेळेचा. सूर्यास्तानंतर छोट्या पर्यटक बोटीतून फेरी करू नये. बामणोलीहून बोटीने वासोट्याला जाणाऱ्या ट्रेकरनी तर किल्ला उतरण्याची वेळ आधी ठरवून मगच चढायला लागावे. उशीर झाला की घाईने जादा माणसे एकाच बोटीत कोंबली जातात.

काही गोष्टी नुसत्या पाहूनही कळतात. सगळे बसल्यावर बोटीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो, तळात पाणी साचले आहे का, पाणी उपसायला पंप किंवा निदान डबा आहे का, इंजिन बंद पडले तर वल्ही आहेत का, फेकायला दोर आणि रिंग आहे का, हे एका नजरेत दिसते. यातले काही नसेल तर पैसे भरलेले असले तरी उतरून जावे.

लाइफ जॅकेट आहे, पण घातले नाही तर?

बाकाखाली रचून ठेवलेल्या जॅकेटचा बोट उलटताना उपयोग नसतो. बोट कलंडल्यावर पाण्यात ते शोधून, अंगात घालून, बक्कल लावणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून धक्का सोडण्यापूर्वीच जॅकेट अंगात आणि पट्टे आवळलेले हवेत. उकाड्याने जॅकेट काढणारे पर्यटक आणि ‘फोटोपुरते घाला’ म्हणणारे चालक, दोघेही धोका वाढवतात.

जॅकेट नीट बसले आहे का हे तपासण्याची सोपी रीत आहे. दुसऱ्याने खांद्याजवळ धरून ते वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर सैल आहे. लहान मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालू नये. पाण्यात पडताच मूल त्यातून खाली निसटते. मुलांची जॅकेट वजनानुसार मिळतात आणि त्यांना पायांमधून जाणारा पट्टा असतो. मुलांसोबत दरवर्षी सहलीला जाणाऱ्या कुटुंबाने त्यांच्यासाठी स्वतःचे जॅकेट विकत घेणे उत्तम.

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन तोलण्याइतकी उचल. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तेव्हासाठी आहे. १०० न्यूटन आणि त्यावरील जॅकेट बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहावे अशा रचनेचे असते. आतला फोम दबलेला, शिवण उसवलेली किंवा बक्कल तुटलेले जॅकेट परत करून दुसरे मागावे.

केरळची हाउसबोट ठरवताना काय लक्षात घ्यावे?

केरळची हाउसबोट म्हणजे मूळची ‘केट्टुवळ्ळम’, अर्थात तांदूळ वाहणारी, फळ्या काथ्याने बांधून केलेली नाव. अलेप्पी आणि कुमरकोम ही तिची मुख्य केंद्रे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेकांचा हिरमोड होतो तो वेळेमुळे. साधारणपणे दुपारी १२च्या सुमारास बोटीत प्रवेश मिळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास उतरावे लागते. मात्र संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधली जाते, कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे ‘२१ तासां’च्या सहलीत बोट प्रत्यक्ष चालते ती चार-पाच तासच. एसीचेही तसेच. अनेक बोटींत तो रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालू असतो. या गोष्टी बुकिंगच्या वेळी लेखी विचाराव्यात.

अरुंद कालव्यांमध्ये, जिथे कुट्टनाडची खरी घरे-शेते दिसतात, मोठी हाउसबोट शिरू शकत नाही. त्यासाठी शिकारा किंवा छोटी नाव बरी पडते. बजेट कमी असेल तर केरळच्या राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी बोटी आहेत. त्यांच्या फेऱ्यांतून मोजक्या पैशांत हाच परिसर दिसतो. रात्र हाउसबोटीत काढण्याऐवजी दिवसा फेरी आणि मुक्काम काठावर, हाही पर्याय ज्येष्ठांसाठी सोयीचा ठरतो.

छायाचित्रे पाहून पूर्ण रक्कम भरण्यापेक्षा आगाऊ थोडी रक्कम देऊन बोट प्रत्यक्ष पाहिल्यावर उरलेली द्यावी. केरळ पर्यटन विभाग हाउसबोटींना ‘गोल्ड स्टार’, ‘सिल्व्हर स्टार’ अशी वर्गवारी देतो. ती आहे का ते विचारावे. लहान मुले असतील तर कठडे किती उंच आहेत आणि रात्री डेककडचे दार आतून बंद होते का, हे पाहावे. शौचालयाचे पाणी टाकीत जाते की थेट तलावात, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. वेंबनाड हे रामसर दर्जाचे पाणथळ क्षेत्र आहे आणि काठावरची वस्ती त्याच पाण्यावर जगते.

हाउसबोटीत आगीचा धोका किती?

हाउसबोट म्हणजे लाकूड, बांबू, काथ्या, पडदे आणि त्याच्या जोडीला स्वयंपाकाचा गॅस व जनरेटर. श्रीनगरच्या दल सरोवरात, जिथे हाउसबोटी एका जागी बांधलेल्या असतात, ११ नोव्हेंबर २०२३ रोजी लागलेल्या आगीत तीन बांगलादेशी पर्यटकांचा मृत्यू झाला होता.

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो बोटीच्या तळाशी साचतो आणि सहजासहजी बाहेर पडत नाही. त्यामुळे सिलिंडर उघड्या, हवेशीर जागी असावा. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एसी लावून खोली बंद केली आणि धुराचे नळकांडे जवळ असेल, तर झोपेतच जीव जाऊ शकतो. बोटीत शिरताच अग्निशामक कुठे आहे आणि खोलीतून बाहेर पडायचा दुसरा मार्ग कोणता, हे पाहून ठेवावे. डोके दुखणे आणि मळमळणे एकाच वेळी दोघा-तिघांना सुरू झाले तर ताबडतोब उघड्यावर यावे.

कायदा काय सांगतो?

देशातील नद्या, कालवे, जलाशयांतील बोटींना बराच काळ १९१७ चा कायदा लागू होता. राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे होते आणि एका राज्याची बोट दुसऱ्या राज्यात नेताना अडचणी येत. त्याची जागा अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ ने घेतली. या कायद्यानुसार यांत्रिक बोटीला सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि नोंदणी लागते, चालक-कर्मचाऱ्यांना पात्रतेचे प्रमाणपत्र लागते आणि मृत्यू, दुखापत, प्रदूषण यांची जबाबदारी उचलणारा विमा लागतो. एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते आणि बोटींची माहिती केंद्रीय पातळीवर एकत्र ठेवण्याची तरतूद आहे. बोट बांधण्यापूर्वी किंवा तिच्यात मोठा बदल करण्यापूर्वी आराखड्याला मंजुरी घ्यावी लागते. तानूरसारख्या घटनेत हा मुद्दा कळीचा ठरतो. इंजिन नसलेल्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याचीही तरतूद कायद्यात आहे. याशिवाय राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोट सुरक्षेबाबत स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

महाराष्ट्रात बोटींच्या नोंदणीचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, केरळमध्ये केरळ सागरी मंडळाकडे, तर गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे आहे. मात्र धरणाचे पाणी जलसंपदा विभागाचे असते आणि कोयनेसारख्या ठिकाणी काठाचे जंगल वन विभागाचे. त्यामुळे बोटीची नोंदणी झाली म्हणजे कोणत्याही जलाशयात ती उतरवण्याची मुभा मिळाली, असे होत नाही.

स्वतःची बोट घ्यायची असेल तर?

फार्महाउसजवळ धरण आहे किंवा कोकणात घरामागे खाडी आहे, म्हणून बोट घेण्याचा विचार करणारे वाढत आहेत. अशांनी बोट निवडण्याआधी पाणी निवडावे. तेथे खासगी बोटीला परवानगी आहे का, बोट कुठे उभी राहणार, पाण्यात उतरवायला उतार आहे का, हे आधी ठरवावे. दिवाळीत अंगणाला लागलेले जलाशयाचे पाणी मे महिन्यात चिखलाच्या पलीकडे बरेच लांब गेलेले असते. बोट केवळ स्वतःच्या मौजेसाठी असली तरी इंजिन बसवले की नोंदणीचा प्रश्न येतोच. त्यामुळे विक्रेत्याच्या ‘कागद नंतर होतील’ या शब्दावर न विसंबता सागरी मंडळाच्या कार्यालयात चौकशी करूनच पैसे द्यावेत. भाड्याने माणसे नेण्याचा विचार असेल तर अटी अधिक कडक होतात.

जुनी फायबरची बोट घेताना ती उन्हात, कोरडी असताना पाहावी. बोटीच्या मागच्या ज्या उभ्या फळीला इंजिन अडकवतात, ती बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहावी. आवाज बद्द किंवा पोकळ आला तर आत पाणी मुरून लाकूड कुजले असण्याची शक्यता असते. तळावर फोड, कोपऱ्यांत केसासारख्या भेगा, नव्या रंगाखाली झाकलेले तुकडे शोधावेत. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन दोष लपवते. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे. नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, हेही पाहावे. मोठे इंजिन म्हणजे चांगली बोट नव्हे. क्षमतेपेक्षा जड इंजिनाने मागची बाजू खाली बसते आणि मागून पाणी आत येते.

देखभालीत काय विसरू नये?

खरेदीनंतर खर्च थांबत नाही. खाडीच्या खाऱ्या पाण्यात वापरलेले इंजिन प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावे लागते. जलपर्णी असलेल्या पाण्यात पंख्याला वेली गुंडाळल्या जातात आणि थंडाव्याच्या पाण्याची वाट बुजून इंजिन तापते. इंजिनामागून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार बंद झाली की लगेच इंजिन थांबवावे. पावसाळ्यात बोट ओढून वर ठेवताना तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही. मात्र पुन्हा पाण्यात सोडताना ते बसवायला विसरू नये. त्यासाठी बूच इंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवणे सोयीचे.

छोट्या बोटीत इंजिन बंद करणारी दोरी असते. ती चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी. चालक पाण्यात पडला तर इंजिन थांबते. नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. इंधनाचा हिशेब तिहेरी ठेवावा. एक हिस्सा जायला, एक परत यायला आणि एक वाऱ्यासाठी राखीव. कुठे चाललो आणि कधी परतणार, हे काठावरच्या एका माणसाला सांगून निघावे.

बोट उलटलीच तर?

लाकडी आणि फायबरच्या अनेक बोटी उलटल्या तरी लगेच तळाला जात नाहीत. अशा वेळी बोटीला धरून राहणे सहसा सर्वांत सुरक्षित असते. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो आणि भिजलेले कपडे, बूट पोहणाऱ्याला दमवतात. सगळ्यांनी एकमेकांजवळ राहावे, मुलांना बोटीच्या उपड्या तळावर चढवावे, डोकी मोजावीत. बुडणाऱ्याला वाचवायला थेट उडी मारण्याऐवजी दोर, वल्हे, रिकामा कॅन, फुगवलेली पिशवी, जे हाताशी असेल ते फेकावे.

मोबाइल जलरोधक पिशवीत, गळ्यात अडकवलेला असावा. मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक निघण्यापूर्वीच सेव्ह करून ठेवावेत आणि फोन करताना जवळचे गाव, धक्का किंवा मंदिर यांचे नाव सांगावे. पाण्याबाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास बंद असेल तर पोट दाबत बसू नये. आधी तोंडाने श्वास द्यावा आणि छातीवर दाब देणे सुरू करावे. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो.